पोषण तपासणीला येण्यापूर्वी हे वाचा

आमच्या आहार सल्ला केंद्रात येणारे बरेच जण म्हणतात, "वजन तेवढं बघा." वजन बघतोच, पण नुसत्या आकड्यावरून फार काही कळत नाही. आज काट्यावर ६२ किलो दिसतात, ते चार महिन्यांपूर्वी ६० होते की ६८? सगळा फरक तिथे पडतो. म्हणून पहिली विनंती: जुने कागद आणा. दवाखान्याच्या फाइलच्या कोपऱ्यात लिहिलेलं वजन, बाळाचं माता-बाल संरक्षण कार्ड, काहीही चालेल. कागद नसतील तर ब्लाउज सैल झाला का, अंगठी बोटात फिरते का, कवळी ढिली झाली का, हे आठवून या.

बाळ आणि लहान मूल

जन्माचं वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. त्यानंतर आम्ही कार्डावरच्या आलेखाची रेघ बघतो. मूल मुळात बारीक असेल, पण रेघ वर चढत असेल, तर घाबरायचं कारण नसतं. रेघ आडवी झाली की मात्र चौकशी सुरू. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून घेतात, पुढे उभं करून उंची. दोन्हींत सुमारे पाऊण सेंटीमीटरचा फरक पडतो, त्यामुळे घरी भिंतीवर केलेल्या खुणा आमच्या मापाशी जुळल्या नाहीत तर गोंधळू नका.

सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत दंडघेरही घेतो. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून. ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण (अंगणवाडीत 'सॅम' म्हणतात ते), ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठा दाबल्यावर खळगा राहत असेल तर आमच्याकडे न थांबता थेट रुग्णालयात जा. सुजेमुळे वजन ठीक दिसतं आणि मूल आतून खंगत असतं.

"आमच्या घराण्यात सगळे बारीकच" हे आजी लोकांचं ठरलेलं वाक्य. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली जाहीर केलेले वाढीचे आलेख ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपल्या दिल्लीतल्या मुलांच्या मोजमापांवरून तयार केले आहेत. नीट खायला-प्यायला मिळालं तर पाच वर्षांपर्यंत सगळीकडची मुलं जवळपास सारखीच वाढतात, असं त्यात दिसलं. तेव्हा घराण्यावर लगेच ढकलू नका.

वयात येणारी मुलं, गरोदर बाई

शाळकरी मुलांना मोठ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) तक्ता लावू नका. त्यांचा तक्ता वय आणि मुलगा-मुलगी यांनुसार वेगळा असतो. पाळी सुरू झालेल्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. गरोदरपणात रक्त पातळ होतं, म्हणून तिथे मर्यादा ११ ची. गरोदर राहण्यापूर्वीचं वजन माहीत असेल तर जरूर सांगा, पुढचा सगळा हिशेब त्यावरून होतो.

कमावते हात

आपल्याकडच्या लोकांत बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त, २५ ला लठ्ठपणा. २५ आणि ३० हे आकडे तुम्ही इंटरनेटवर वाचले असतील, पण आपल्या अंगकाठीत चरबी पोटावर आधी साठते. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंमीच्या आत हवी. टेप पँट बांधतो तिथे लावायची नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर लावायची. बहुतेकांचा आकडा इथेच वाढतो आणि थोडी वादावादी होते.

मग "काल काय खाल्लं?" उत्तर येतं: "साधंच, पोळी-भाजी." किती पोळ्या, फुलका की घडीची, वाटी केवढी? त्यासाठी आमच्या टेबलावर तीन मापांच्या वाट्या ठेवल्या आहेत, तुमच्या घरची कुठली ते दाखवा. चहात साखर किती, सोबत खारी की बिस्किटं, तेही विचारू. महिन्याला तेल किती लिटर येतं आणि जेवणारी माणसं किती, या एका प्रश्नातून पुष्कळ कळतं. म्हणून घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला सोबत आणा. आणि उपवासाच्या दुसऱ्या दिवशी येऊ नका. साबुदाण्याच्या खिचडीवरून रोजच्या जेवणाचा अंदाज येत नाही.

साठीच्या पुढे

कुपोषण घरच्यांच्या नजरेतून सगळ्यात जास्त इथे सुटतं. दात दुखतात म्हणून भाकरी जाते, मग भाजी जाते, वरण-भात उरतो, शेवटी चहा-टोस्ट. घरचे म्हणतात, "आता आहार हलका झालाय." मधुमेह असेल तर वजन उतरल्याचा आनंदही होतो. प्रयत्न न करता तीन ते सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं (६० किलोच्या माणसाचे ३ किलो), तर ते तपासायलाच हवं. १० टक्क्यांच्या वर गेलं तर आधी डॉक्टर, मग आम्ही.

पाठीत वाकलेल्यांची उंची खरी येत नाही, तेव्हा पावलापासून गुडघ्यापर्यंतच्या मापावरून अंदाज काढतो. पोटरीचा घेर ३१ सेंमीपेक्षा कमी भरला तर स्नायू झिजल्याची शंका घेतो. अंगाने जाड आजींचीही पोटरी मोजतो. जेवताना सोबत कोणी असतं का, हेही विचारतो. एकट्याचं जेवण लवकर आटपतं.

रक्ताच्या तपासण्या

येण्यापूर्वी मुद्दाम करू नका. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी आलं म्हणून प्रोटीन पावडर सुरू केलेले बरेच जण येतात. पण ते संसर्गात, यकृत किंवा किडनीच्या आजारातही उतरतं, त्यावरून पोषण ठरवता येत नाही. आम्ही पावडर विकत नाही. बी-१२, लोह वगैरे तुमच्या डॉक्टरांना विचारून.

पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगा, चरबी मोजायच्या मशीनवर तुम्हाला उभं करणार नाही. डायलिसिसवर असाल तर डायलिसिस झाल्यानंतरचं वजन लिहून आणा.

अंथरुणावर असलेल्या रुग्णांसाठी आम्ही घरी येतो. शक्यतो जेवणाची वेळ द्या, म्हणजे ताटात काय वाढलं आणि काय उरलं दोन्ही बघता येतं.