अमेरिकेतला ड्राफ्ट: १-ए, २-एस, ४-एफ म्हणजे काय आणि कागद कोणते लागत

अमेरिकन नागरिकत्वाचा एन-४०० फॉर्म भरताना आपल्याकडचे बरेच जण एका प्रश्नापाशी अडखळतात. सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे लष्करभरतीसाठी तरुणांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्यात, नाव नोंदवलं होतं का, नंबर काय? सक्तीची लष्करभरती तर १९७३ मध्येच थांबली, मग हे कशाला विचारतात? याचं उत्तर जुन्या ड्राफ्टच्या, म्हणजे या सक्तीच्या भरतीच्या, कागदपत्रांत आहे. ती पद्धत समजून घ्यायला १९६७-६८ मधला, नुकता अठरा पूर्ण झालेला अमेरिकन मुलगा डोळ्यांसमोर ठेवू. व्हिएतनाममध्ये युद्ध पेटलेलं आहे आणि त्याच्या हातात फॉर्म आहे.

नोंदणी आणि लोकल बोर्ड

वाढदिवसापासून पाच दिवसांत नाव नोंदवायचं. ते लष्कराकडे नाही, तर लोकल बोर्डाकडे. देशभर अशी सुमारे ४,००० बोर्डं होती. त्यावर त्या भागातलेच नागरिक बसत, तेही बिनपगारी. बहुतेक गोरे आणि पन्नाशी उलटलेले. आपल्या गावचे पंच म्हणा ना. पहिल्यांदा ज्या बोर्डात नाव लागलं तेच कायमचं. पुढे मुलगा शिकायला देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला तरी त्याची फाइल गावच्याच कपाटात. पत्ता बदलला, लग्न झालं, कॉलेज सुटलं, की दहा दिवसांत लेखी कळवायचं.

मग एक प्रश्नावली येई. शिक्षण, नोकरी, घरी अवलंबून कोण, तब्येत कशी, धर्म कोणता. ती भरून दिली की बोर्ड वर्ग ठरवे आणि कार्ड पाठवे. हे कार्ड आणि नोंदणीचं कार्ड, दोन्ही सतत खिशात बाळगणं सक्तीचं. १९६५ पासून कार्ड मुद्दाम जाळणं किंवा फाडणं हाही गुन्हा झाला.

वर्ग कसा ठरे

नियम असा की प्रत्येक जण मुळात १-ए, म्हणजे भरतीला हजर. आपण १-ए नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मुलाची. बोर्ड कागद शोधत बसत नसे. फाइलमध्ये नाही ते जगातच नाही, हे तत्त्व आपल्याला तलाठी कार्यालयाने शिकवलेलंच आहे.

सगळ्यात जास्त मागणी २-एसला, म्हणजे विद्यार्थ्याला. यासाठी मुलाने स्वतः लेखी विनंती करायची आणि कॉलेजने बोर्डाला प्रमाणपत्र पाठवायचं. विद्यार्थी पूर्णवेळ असला पाहिजे आणि चार वर्षांचा कोर्स असेल तर दरवर्षी पाव हिस्सा पुरा झाला पाहिजे. एका वर्षी विषय राहिले की बोर्ड पुन्हा १-ए करू शके. १९६७च्या कायद्याने ही सवलत पदवी मिळेपर्यंत किंवा चोविशीपर्यंत, जे आधी होईल तोवर दिली. फेब्रुवारी १९६८ मध्ये बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांची सवलत गेली, वैद्यक, दंतवैद्यक अशा मोजक्या शाखा वाचल्या.

इथे एक मेख आहे आणि ती अनेकांना उशिरा कळली. डिफरमेंट म्हणजे माफी नव्हे, तारीख पुढे ढकलणं. एरवी सव्वीस पूर्ण झाली की मुलगा बहुतेक सुटला. पण एकदा डिफरमेंट घेतली की जबाबदारी पस्तिशीपर्यंत लांबे. शिवाय १९६७ नंतर २-एस घेणाऱ्याला पुढे नुसता बाप झाला म्हणून सवलत मागता येत नसे.

बापाचा वर्ग ३-ए. बायको गरोदर असेल तर डॉक्टरचा दाखला जोडायचा, मूल जन्मायची वाट पाहायची गरज नव्हती. नुसतं लग्न मात्र पुरेना. २६ ऑगस्ट १९६५ नंतर लग्न केलेल्या, मूल नसलेल्यांना वेगळी वागणूक बंद झाली. म्हातारे आईवडील किंवा आजारी भावंडं सर्वस्वी याच्यावरच अवलंबून असतील तर त्यासाठीही ३-ए होता, पण घरच्या जमाखर्चाचे पुरावे द्यावे लागत.

महत्त्वाच्या नोकरीसाठी २-ए, शेतीसाठी २-सी, धर्मगुरू आणि धर्मशिक्षण घेणाऱ्यांसाठी ४-डी. तब्येतीने किंवा बुद्धिचाचणीत नापास तो ४-एफ. त्याच्या अलीकडचा १-वाय, म्हणजे फक्त राष्ट्रीय आणीबाणीत बोलावू. तपासणीला जाताना फॅमिली डॉक्टरचं पत्र आणि एक्स-रे सोबत नेणारा आणि रिकाम्या हाताने जाणारा यांच्या निकालात फरक पडे. दातांना तारा लावल्या म्हणून सुटलेलेही होते. ज्याच्या घरी डॉक्टर आणि वकील ओळखीचे, त्याची फाइल जाड. माझ्या मते या पद्धतीचा खरा अन्याय इथे होता, नियमांत तेवढा नव्हता.

युद्धालाच नकार असेल तर

प्रश्नावलीतच एक जागा होती. तिथे सही केली की वेगळा फॉर्म येई. श्रद्धा काय, ती कुठून आली, कोणासमोर बोलून दाखवली, हे सगळं लिहायचं आणि ओळखीच्यांची पत्रं जोडायची. मान्य झालं तर १-ए-ओ, म्हणजे लष्करात पण शस्त्राविना, किंवा १-ओ, म्हणजे दोन वर्षं इस्पितळासारख्या ठिकाणी नागरी काम. विरोध सगळ्याच युद्धांना हवा. ‘फक्त व्हिएतनामला नाही’ हे चालत नसे.

वर्ग पटला नाही तर

आधी बोर्डासमोर स्वतः उभं राहायचं. वकिलाला तिथे बाजू मांडता येत नसे. मग राज्याच्या अपील बोर्डाकडे, ते फक्त फाइल वाचे. तिथे मतं फुटली तरच पुढे राष्ट्राध्यक्षांच्या अपील बोर्डाकडे जाता येई. मुदत चुकली की संपलं. ‘ग्रीटिंग’ शब्दाने सुरू होणारं भरतीचं बोलावणं निघाल्यावर वर्ग बदलणं जवळजवळ अशक्य.

बॉक्सर महंमद अली या सगळ्या पायऱ्या चढला. १९६४ मध्ये बुद्धिचाचणीत कमी पडला म्हणून १-वाय, १९६६ मध्ये निकष खाली आले म्हणून १-ए. धर्मप्रचारक म्हणून आणि युद्धविरोधी म्हणून केलेले त्याचे दावे फेटाळले गेले. २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमध्ये नाव पुकारलं तेव्हा तो पाऊल पुढे टाकेना, म्हणजे भरती व्हायला नकार दिला. पाच वर्षं कैद आणि १०,००० डॉलर दंड. सर्वोच्च न्यायालयाने जून १९७१ मध्ये ती शिक्षा रद्द केली.

चिठ्ठ्या

१९६९ पर्यंत १-एमधल्या वयाने मोठ्यांना आधी उचलत. १ डिसेंबर १९६९ ला ३६६ निळ्या कॅप्सुलांत वर्षातल्या सगळ्या तारखा घालून सोडत काढली. ज्याची जन्मतारीख आधी निघाली त्याचा क्रमांक आधी. पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या सोडतीतून १९५ क्रमांकापर्यंतच्यांना बोलावणं गेलं. कॅप्सुली नीट ढवळल्या नव्हत्या, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेल्यांच्या वाट्याला लहान आकडे जास्त आले. पुढे १९७० मध्ये नोकरी, शेती आणि बापपणाच्या नव्या सवलती बंद झाल्या, १९७१ मध्ये नव्या विद्यार्थ्यांचीही.

आपला संबंध

त्या काळीही ग्रीन कार्डवाल्या तरुणाला नोंदणी लागे, विद्यार्थी व्हिसावाल्याला नाही. परदेशी आहोत या कारणावर ज्याने सूट मागून घेतली, त्याला नागरिकत्वाचं दार कायमचं बंद. १९८० मध्ये नोंदणी पुन्हा सुरू झाली, भरती नाही. ग्रीन कार्डवर असलेल्या १८ ते २५ वयाच्या मुलांना ती लागू आहे, म्हणून एन-४०० मधला तो प्रश्न. आता वर्ग मात्र कोणालाच देत नाहीत. युद्धाला नकार लिहायला नोंदणीच्या फॉर्मवर रकाना नाही, म्हणून कित्येकांनी तो समासात हाताने लिहिला आणि पाठवण्याआधी त्याची झेरॉक्स काढून ठेवली.