ओपन सोर्स आरटीओएस

आरटीओएस म्हणजे रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम. या नोंदीत त्यातल्या फक्त ओपन सोर्स (ज्यांचा मूळ कोड सगळ्यांना बघता-वापरता येतो) आणि छोट्या उपकरणांवर चालणाऱ्या घेतल्यात. छोटं म्हणजे किती, तर एसटीएम३२एफ१०३ ही चिप घ्या, जी ठाणे-नवी मुंबईत प्रोजेक्ट करणाऱ्या कुठल्याही पोराच्या खणात सापडेल: ७२ मेगाहर्ट्झ, ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम. लिनक्सचं इथे नावच काढू नका. फ्रीआरटीओएस या आरटीओएसचा कर्नल, म्हणजे गाभा, मात्र साधारण ६ ते १२ केबीत बसतो आणि बाकी जागा आपल्या कोडला मोकळी राहते.

रिअल टाइम म्हटलं की लोकांना फास्ट वाटतं, तसं नाहीये. सरासरी वेळ कितीही भारी असली तरी तिचा इथे उपयोग नाही, सगळ्यात वाईट परिस्थितीत किती वेळ लागेल हे आधी सांगता आलं पाहिजे. ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या पंपाचा कंट्रोलर बघा. टाकीची लेव्हल बघायची, मोटरचा करंट मोजायचा, डिस्प्ले चालवायचा आणि मोडेमवरून सेक्रेटरीला मेसेज टाकायचा, एवढी कामं एकाच चिपवर. हे सगळं एका सुपरलूपमध्ये (सतत फिरणाऱ्या एकाच लूपमध्ये) एकाखाली एक लिहिलं आणि मोडेम नेटवर्क शोधत बसला की लूप तिथेच अडकतो, आणि तेवढ्यात टाकीतलं पाणी संपून मोटर कोरडी फिरत असली तरी कोणाला पत्ता नसतो. आरटीओएसमध्ये प्रत्येक कामाचा वेगळा टास्क असतो, मोडेमचा टास्क उत्तराची वाट बघत झोपतो आणि करंटवाला दर १० मिलिसेकंदाला उठून आपलं काम करून जातो.

आतली यंत्रणा आर्मच्या कॉर्टेक्स-एम घराण्यातल्या चिपवर (वरची एसटीएम३२ त्यातलीच) अशी चालते की सिसटिक नावाचा टायमर ठराविक वेळाने ठोका देतो (बरेच जण सेकंदाला १००० ठेवतात), पण टास्क बदलायचं खरं काम पेंडएसव्ही या सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीच्या इंटरप्टमध्ये (चालू काम मधेच थांबवणाऱ्या हाकेत) होतं, म्हणजे बाकीचे इंटरप्ट अडून राहत नाहीत. चालू टास्कचे रजिस्टर (सीपीयूतले चालू आकडे) त्याच्याच स्टॅकवर, म्हणजे त्याच्या राखीव रॅममध्ये, ठेवायचे, पुढच्याचे त्याच्या स्टॅकवरून उचलायचे, बस.

पहिली ओपन सोर्स आरटीओएस कुठली यावर एकमत नाही, आणि वाद मुख्यतः लायसन्सवरून आहे. बरेच जण १९९२ सांगतात, कारण त्या वर्षी ज्याँ लाब्रॉस यांनी एका अमेरिकन मासिकात मायक्रोसी/ओएसवर लेख लिहून तिचा सोर्स वाचायला खुला केला. पण सोर्स वाचायला मिळाला म्हणजे प्रॉडक्टमध्ये फुकट टाकता येतो असं नव्हतं, धंद्यासाठी वापरायचा तर लायसन्स विकत घ्यावं लागायचं, आणि फुकट वापरू देणारं अपाची लायसन्स आलं ते थेट २०२० मध्ये, तेव्हा ती सिलिकॉन लॅब्सकडे गेलेली होती. दुसरा दावा आरटीईएमएसचा. हिचं काम १९८० च्या दशकाच्या शेवटाला अमेरिकी लष्कराच्या मिसाइलच्या कामासाठी अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये सुरू झालं, आणि १९९३ च्या सुमारास ती इंटरनेटवरून (एफटीपीने) उतरवून घेता येत होती. नक्की महिना धरून भांडण्यात अर्थ नाही, पण कोड हातात येणं आणि वापरायची मुभा या दोन्ही कसोट्या लावल्या तर आरटीईएमएसचं पारडं जड वाटतं. यावर हरकत एवढीच की ती वाढली मोठ्या बोर्डांवर आणि पुढे अंतराळयानांवर, २० केबी रॅममध्ये तिला अवघडल्यासारखं होतं. सिग्नस कंपनीची ईकॉस १९९८ ची, ती नंतर कंपनीबरोबर रेड हॅटकडे गेली.

बर्कलीची टायनीओएस (२००० च्या आसपास) आणि स्वीडनमध्ये अ‍ॅडम डंकल्स यांनी सुरू केलेली कॉन्टिकी (२००२-०३) या दोघींना काही याद्यांत आरटीओएस म्हणतात. इथे त्या धरलेल्या नाहीत. टायनीओएसमधला टास्क एकदा सुरू झाला की संपेपर्यंत दुसरा टास्क त्याला बाजूला सारू शकत नाही, आणि मधेच थांबवून महत्त्वाचं काम पुढे घेता येत नसेल तर वेळेची हमी कशी देणार.

छोट्या चिपपुरतं बोलायचं तर सगळ्यांना माहीत असलेलं नाव २००३ च्या सुमाराचं, रिचर्ड बॅरी यांची फ्रीआरटीओएस. गाभा तीन सी फाइलींचा, टास्क, क्यू आणि लिस्ट, वर चिपप्रमाणे बदलणारा पोर्ट. आधी लायसन्स जीपीएल (त्यावर बांधलेला कोडही उघडा करायला लावणारं) होतं पण त्याला सवलत जोडलेली होती, आपला अ‍ॅप्लिकेशन कोड उघडा करावा लागत नसे, तरी जीपीएल हे अक्षर बघून कंपन्यांचे वकील बिचकायचे. २०१७ मध्ये प्रोजेक्ट अ‍ॅमेझॉनकडे गेला आणि त्याच वर्षी व्हर्जन १० पासून एमआयटी हे मोकळं लायसन्स आलं. झेफिर ही आरटीओएस तिच्यापेक्षा वयाने लहान समजली जाते कारण लिनक्स फाउंडेशनने ती फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर केली, पण तिचं मूळ बेल्जियमच्या इऑनिक सिस्टिम्सच्या व्हर्चुओसोमध्ये आहे, जी विंड रिव्हरने २००१ मध्ये घेतली आणि २०१५ मध्ये रॉकेट नावाने आणली. म्हणजे घराणं जुनं, नाव नवं.

आता प्रायॉरिटी इन्व्हर्जन, म्हणजे वरच्या प्रायॉरिटीचा टास्क खालच्यामुळे अडकून बसणं, कारण यावर सगळ्यात जास्त वेळ जातो. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की ज्या टास्कचा फेरा लवकर येतो त्याला वरची प्रायॉरिटी दिली आणि सीपीयूचा एकूण वापर साधारण ६९ टक्क्यांच्या आत ठेवला तर टास्क कितीही असोत, डेडलाइन चुकत नाही. पण हे टास्क एकमेकांवर अवलंबून नसतील तर, आणि खऱ्या बोर्डावर ते असतातच. वरच्याच पंपाच्या कंट्रोलरमध्ये समजा करंटचा सेन्सर आणि डिस्प्ले एकाच आयटूसी बसवर (चिपला जोडणाऱ्या सामायिक तारांवर) आहेत. डिस्प्लेच्या खालच्या टास्कने बस धरली, तेवढ्यात मधल्या प्रायॉरिटीचा मोडेम टास्क जागा झाला आणि त्याने डिस्प्लेला बाजूला सारलं, आता सगळ्यात वरचा करंटवाला बस मोकळी व्हायची वाट बघतोय आणि बस ज्याच्याकडे आहे त्याला सीपीयूच मिळत नाहीये. नासाच्या मार्स पाथफाइंडरवर १९९७ मध्ये हेच झालं, हवामानाचा खालचा टास्क लॉक (सामायिक गोष्टीचा ताबा) धरून बसला, मधल्या टास्कने त्याला दाबलं आणि वरचा बस सांभाळणारा टास्क वेळेत संपेना. ऐकीव गोष्टींत यान हँग झालं असं सांगतात, प्रत्यक्षात ठरल्याप्रमाणे वॉचडॉग (काम अडकलं की सिस्टिम पुन्हा सुरू करणारी यंत्रणा) रिसेट मारत होता आणि पुन्हा पुन्हा मारत होता. तिथे व्हीएक्सवर्क्स ही आरटीओएस होती, ती ओपन सोर्स नाही, पण त्यावरचा इलाज सगळीकडे तोच. लॉक धरणाऱ्याला तात्पुरती वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी द्यायची, म्हणजे प्रायॉरिटी इनहेरिटन्स, ज्याचा सिद्धांत शा, राजकुमार आणि लेहॉस्की यांनी १९९० च्या पेपरमध्ये मांडला होता. पाथफाइंडरवर ही सोय बंद ठेवलेली होती, ती पृथ्वीवरून चालू केली. फ्रीआरटीओएसमध्ये लॉक म्हणून म्युटेक्स घेतला तर इनहेरिटन्स मिळतं, बायनरी सेमाफोर (एका टास्कने दुसऱ्याला इशारा द्यायचं साधन) घेतला तर नाही, आणि दोन्ही दिसायला इतके सारखे की नवखे हमखास सेमाफोर लावून मोकळे होतात.

आकड्यांची दिशाही डोकं खाते. फ्रीआरटीओएसमध्ये मोठा आकडा म्हणजे वरचा टास्क, झेफिरमध्ये उलट, लहान आकडा वरचा. त्यात कॉर्टेक्स-एमच्या इंटरप्टचीही उलटीच पद्धत, त्यामुळे एकाच फ्रीआरटीओएस प्रोजेक्टमध्ये टास्कला मोठा आकडा वरचा आणि इंटरप्टला लहान. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वरच्या प्रायॉरिटीच्या इंटरप्टमधून कर्नलचं कुठलंही फंक्शन बोलवायचं नसतं. बोलवलं तर बोर्ड टेबलावर दोन दिवस नीट चालतो आणि साइटवर हार्ड फॉल्ट खातो, म्हणजे सीपीयू चूक पकडून तिथेच अडकतो. स्टॅकचंही तसंच, मूळ फ्रीआरटीओएसमध्ये टास्कचा स्टॅक वर्डमध्ये सांगतात, म्हणजे ३२ बिटच्या चिपवर १२८ लिहिलं की ५१२ बाइट, आणि ईएसपी३२ चिपसाठीच्या ईएसपी-आयडीएफ या किटमध्ये तोच आकडा बाइटमध्ये. इकडचा कोड तिकडे चिकटवला की पहिल्याच प्रिंटएफला स्टॅक फुटतो.

ठाण्याची वागळे इस्टेट आणि ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे हा टीटीसी एमआयडीसीचा पट्टा, इथल्या कंट्रोलर-मीटर बनवणाऱ्या छोट्या युनिटना आरटीओएसची ओळख बहुतेक ईएसपी३२ मुळे होते. ती चिप घेतली की फ्रीआरटीओएस सोबत येतेच, अगदी आर्डुइनोमधून कोड लिहिला तरी आपला लूप हा आतून एक फ्रीआरटीओएस टास्कच असतो, हे वापरणाऱ्याला माहीत असो नसो. खारघरला केंद्र असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या एम्बेडेड पदविकेत आरटीओएस शिकवतात. याच सी-डॅकचे वेगा आणि आयआयटी मद्रासचे शक्ती हे प्रोसेसर आरआयएससी-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर रचनेवरचे आहेत आणि त्या घराण्यासाठी फ्रीआरटीओएस आणि झेफिर दोन्हींचे पोर्ट आहेत.

बाकीच्यांत नटएक्स (ग्रेगरी नट, २००७) ड्रोनच्या पीएक्स४ फ्लाइट कंट्रोलरमध्ये चालते, रायट बर्लिनच्या विद्यापीठातून वाढली, आणि थ्रेडएक्स २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे जाऊन २०२३ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे आली, आता एमआयटी लायसन्सवर मिळते. आर्मने एमबेड ओएसचा सपोर्ट जुलै २०२६ मध्ये संपवणार हे २०२४ मध्येच जाहीर केलं, त्यामुळे जुन्या लॅब मॅन्युअलमध्ये ती असली तरी नवीन बोर्डासाठी घेऊ नये.