पश्चिम गोंजा: डिस्ट्रिक्ट वेगळा, राज्य वेगळं

घानातल्या मोले अभयारण्याचे हत्ती किंवा लाराबांगा गावची मातीची मशीद यांच्यावर कुणीही लिहायला बसलं, की पुढे ते वाक्य हमखास येतं: ‘या जिल्ह्यावर आजही गोंजाच्या राजाची सत्ता आहे.’ दुसऱ्या टोकाची मंडळी म्हणतात, राजा नुसता शोभेचा, खरा कारभार सरकारी कचेरीत. दोन्ही चूक. उत्तर घानाच्या सवाना प्रांतात पश्चिम गोंजा नावाचा डिस्ट्रिक्ट आहे आणि गोंजा नावाचं राज्यही आहे. दोन्ही आज जिवंत आहेत, आणि एकाच्या हद्दीचा दुसऱ्याच्या हद्दीशी मेळ नाही.

घोळ होतो तो दामोंगोमुळे. डिस्ट्रिक्टची कचेरी दामोंगोत. 2018च्या डिसेंबरात सार्वमत होऊन उत्तर प्रांतातून सवाना प्रांत वेगळा निघाला, त्याची राजधानी दामोंगो. गोंजाचे सर्वोच्च राजे, म्हणजे याग्बोनवुरा, त्यांचा राजवाडाही दामोंगोतच. एका गावात तीन पाट्या दिसल्या की लोक त्यांचं एकच दुकान करून टाकतात.

डिस्ट्रिक्टबद्दल फार सांगत नाही. शाळा, दवाखाने, रस्ते, बाजाराचा कर, केंद्राकडून येणारा निधी: ज्याला जिल्हा परिषद ठाऊक आहे त्याला यात नवीन काही नाही. दोन गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवा. डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणारी सभा म्हणजे असेंब्ली; तिची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पक्षांना तिथे वाट मोकळी करावी का, यावर 2019च्या डिसेंबरात सार्वमत ठरलं होतं, ते ऐनवेळी रद्द झालं. दुसरं, 70 टक्के सदस्य लोक निवडतात आणि 30 टक्के राष्ट्राध्यक्ष नेमतात. डिस्ट्रिक्टचा प्रमुख, ज्याला सगळे ‘डीसीई’ (डिस्ट्रिक्ट चीफ एक्झिक्युटिव्ह) म्हणतात, तोही राष्ट्राध्यक्षच सुचवतात. मग असेंब्लीत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांनी त्याला मान्यता द्यावी लागते. पश्चिम गोंजाला हल्ली ‘म्युनिसिपल’ म्हणतात. तो लोकसंख्येवरून ठरणारा दर्जा आहे, त्यात डोकं घालू नका.

राज्य मात्र डिस्ट्रिक्टपेक्षा कितीतरी जुनं आणि मोठं. परंपरेनं ते न्देवुरा जाक्पा या योद्ध्यापासून मोजतात. वासिपे, क्पेम्बे, बोले, तुलुवे आणि कुसावगू या राजघराण्याच्या पाच शाखांकडे याग्बोनवुराचं पद फिरत राहतं. या शाखांची ठाणी आज वेगवेगळ्या डिस्ट्रिक्टांत विखुरलेली आहेत. म्हणजे याग्बोनवुरा राहतात पश्चिम गोंजात, पण त्यांचा मान पूर्वेला सालागापर्यंत आणि पश्चिमेला बोलेपर्यंत चालतो. उलट डिस्ट्रिक्टची हद्द सरकार कधीही बदलू शकतं. 1988मध्ये घानात 110 डिस्ट्रिक्ट होते, आता 261 आहेत. पश्चिम गोंजातूनच 2004मध्ये मध्य गोंजा आणि 2012मध्ये उत्तर गोंजा कापून काढले. राज्याची वीतभर जमीन त्यानं इकडची तिकडे झाली नाही.

आणि सगळे घसरतात ते इथेच, जमिनीवर. शाळा बांधणारा, कर घेणारा, नकाशा मंजूर करणारा डिस्ट्रिक्ट. म्हणून जमीनही त्याचीच असणार, असं आपण न बोलता धरून चालतो. तिथे तसं नाही. घानाच्या दक्षिणेत राजाचं आसन म्हणजे लाकडी स्टूल, उत्तरेत जनावराचं कातडं, आणि जमीन त्या आसनाची. राजाच्या खिशातली नव्हे. त्यानं ती प्रजेच्या वतीनं विश्वस्त म्हणून सांभाळायची. इंग्रजांच्या काळात उत्तरेतल्या जमिनी सरकारच्या ताब्यात गेल्या होत्या. 1979च्या राज्यघटनेनं त्या आसनांकडे परत दिल्या आणि 1992च्या घटनेनं ते कायम ठेवलं. तेव्हा डिस्ट्रिक्टला नवा दवाखाना काढायचा असला, तरी जागेसाठी राजदरबारी जावं लागतं.

मग डिस्ट्रिक्टला जमिनीतून काहीच नाही का? आहे, आणि भरपूर आहे. म्हणूनच गोंधळ पक्का होतो. आसनाच्या जमिनीचं भाडं आणि रॉयल्टी सरकारचा एक स्वतंत्र प्रशासक गोळा करतो. समजा 100 सेडी (घानाचं चलन) जमले. त्यातले 10 प्रशासकाच्या खर्चाला जातात. उरलेल्या 90ची वाटणी घटनेतच लिहून ठेवली आहे: 25 टक्के आसनाचा इतमाम राखायला, 20 टक्के पारंपरिक सत्तामंडळाला, 55 टक्के डिस्ट्रिक्ट असेंब्लीला. हिशोब करा: 22.50, 18 आणि 49.50. सर्वांत मोठा वाटा ज्याच्या हाती जातो तो मालक नाही, आणि जो मालक त्याच्या पदरात चौथाईहून कमी. हा आकडा नुसता पाहिला तर कुणीही उलटं समजेल.

अर्थात जमीन देताना राजाला जी रूढीची भेट मिळते, उत्तरेत कोला या फळाच्या बियांच्या नावानं आणि दक्षिणेत दारूच्या नावानं, ती या वाटणीत येत नाही. तिचा आकडा किती फुगतो यावर घानात कायम कुरकुर चालते, आणि माझ्या मते ती रास्त आहे.

या राजांना आपल्या संस्थानिकांच्या चष्म्यातून बघणं हीही जुनी खोड. आपल्याकडे संस्थानं विलीन झाली, 1971मध्ये तनखेही गेले. घानाच्या घटनेत मात्र राजेपदाला हमी आहे, कुणाला राजा मानायचं हे ठरवण्याचा अधिकार संसद कुणाच्या हाती देऊ शकत नाही, आणि राजांची स्वतःची सभागृहं आहेत. बदल्यात राजानं पक्षीय राजकारणात उतरायचं नाही. उतरायचं असेल तर गादी सोडायची. आणि ‘टोळीप्रमुख’ हा शब्द तर कृपा करून वापरूच नका.

डिस्ट्रिक्ट वेगळा केला की राजाचा दावा आपोआप सुटतो, असंही नाही. क्पांदाई या भागाचं घ्या. जमीन आपली, असं तिथले नावुरी समाजाचे लोक म्हणतात; तिथे अधिराज्य आपलं, असं गोंजा म्हणतात. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावरून रक्त सांडलं. पुढे पूर्व गोंजातून क्पांदाईचा वेगळा डिस्ट्रिक्ट झाला आणि सवाना प्रांत निघाला तेव्हा तो जुन्या उत्तर प्रांतातच राहिला. कारभाराचा प्रश्न त्यानं मिटला. जमीन कोणाची, याचं उत्तर डिस्ट्रिक्टच्या नकाशात शोधून सापडायचं नाही.

एक शेवटचं. दामोंगो गावाचे राजे दामोंगोवुरा हे वेगळे गृहस्थ आहेत. त्यांचा फोटो टाकून खाली ‘याग्बोनवुरा’ लिहू नका.