‘टायमिंग गेलंय’: गाडीच्या एका जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

गाडी चढावर ओढत नाही, सायलेन्सरमधून फटाके फुटतात, इंजिन खळखळतं. एवढं ऐकलं की मिस्त्री बोनेट उघडायच्या आधीच निकाल देतो, ‘टायमिंग गेलंय.’ या एका शब्दात दोन दुखणी असतात. एक ठिणगीचं: प्लगने ती नेमक्या क्षणी टाकायला हवी. दुसरं वॉल्व्हचं, म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांचं: पिस्टन फिरवतात त्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एकच व्हायला हवा, आणि तोही खुणेला खूण धरून. पहिलं बिघडलं तर गाडी कुरकुरते. दुसरं बिघडलं तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वॉल्व्हवर आदळतो, वॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायची पाळी येते.

३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. पेट्रोलचं मिश्रण मात्र आपल्या वेळेनेच जळतं. म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते, आणि वेग वाढला की आणखी आधी. किती आधी, हे ठरवायचं कुणी?

सुरुवातीला ते चालकानेच ठरवायचं होतं. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये स्टिअरिंगखाली डावीकडे ठिणगीचा दांडा असे. गाडी सुरू करायला हँडल मारण्याआधी तो मागे घ्यायचा, म्हणजे ठिणगी उशिरा पाडायचा, विसर पडला, तर इंजिन उलटा फटका मारायचं आणि मनगट मोडायचं. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण त्यातूनच आलेली.

चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी, कॉइल आणि पॉइंटवर (उघडताच ठिणगी पडते ती विजेची जोडणी) चालणारी इग्निशन, म्हणजे ठिणगीची यंत्रणा, १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली. पुढे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वेगाबरोबर बाहेर फेकली जाणारी आणि ठिणगी आपोआप आधी आणणारी वजनं बसली, मग इंजिनावरच्या भाराप्रमाणे ती मागेपुढे करणारी व्हॅक्यूमची डबी आली, आणि चालकाचा हात त्यातून सुटला. तो कारभार गेला मिस्त्रीकडे.

आपल्याकडे हा काळ म्हणजे कुर्ल्यात बनणाऱ्या फियाटचा, म्हणजेच पुढच्या प्रीमियर पद्मिनीचा. पॉइंटला लागणारा फायबरचा ठोकळा झिजला की पॉइंटची फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. म्हणून आधी फट नीट करायची, टायमिंगला हात नंतर. फट मोजायचं फीलर गेज नसेल तर सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा. मग पुलीची खूण जुळवायची, डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करायचा, पॉइंटच्या तारेला छोटा बल्ब जोडून दुसरं टोक बॉडीला लावायचं, चावी फिरवायची. डिस्ट्रिब्युटर सावकाश फिरवत न्यायचा. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो, तिथेच बोल्ट आवळायचा. शेवटचा निकाल मात्र चढावर, मिस्त्रीच्या कानाने.

टायमिंग लाइट आल्यावर डोळ्यांनीही पाहता येऊ लागलं. पहिल्या प्लगच्या ठिणगीबरोबर लखलखणाऱ्या उजेडात फिरती पुली थांबल्यासारखी दिसते. रेस दिली तरी खूण जागची हलली नाही, तर डिस्ट्रिब्युटरमधली वजनं अडकली आहेत. माझ्या मते बारीक कामात तो कानापेक्षा कैक पटींनी खरा होता. पण त्या काळच्या कितीतरी मिस्त्रींना तो हातात धरणं कमीपणाचं वाटे.

इंधनानेही घोळ घातला. पेट्रोलात रॉकेल मिसळलेलं असलं की इंजिन नॉक करी, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठकठके. मग मिस्त्री टायमिंग थोडं मागे घेई, म्हणजे ठिणगी उशिरा पाडी. आवाज थांबे, गिऱ्हाईक खूश. पण पिकअप जाई आणि इंजिन तापे. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा उलटी गरज पडली. हा वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी आधी हवी.

वॉल्व्हच्या बाजूची गोष्ट वेगळी. पद्मिनीत क्रँक आणि कॅम यांना जोडणारी चेन होती. ती सैल पडली की आधी खडखडून सांगे. चेनच्या जागी रबरी दातेरी पट्टा मोठ्या संख्येने निघणाऱ्या मोटारीत पहिल्यांदा आणला १९६२ मध्ये जर्मनीच्या ग्लास कंपनीने. स्वस्त, हलका, आवाज नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हा पट्टा आपल्या घराघरात पोचला. पण तो तुटण्याआधी सहसा कुरकुरत नाही. म्हणून तो किलोमीटर मोजूनच बदलायचा असतो, आणि ‘अजून चालतंय की’ म्हणणाऱ्यांना नेमकं तेच पटत नाही.

इंजेक्शनच्या गाड्या आल्या तसा डिस्ट्रिब्युटर गेला आणि ठिणगीचा हिशेब ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, करू लागला. १९८० मध्ये अल्फा रोमिओने वॉल्व्हचं टायमिंगही चालत्या गाडीत बदलणारं इंजिन बाजारात आणलं. आपल्याकडे प्रदूषणाच्या भारत स्टेज ४ या नियमांच्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपला बिघाड स्वतः ओळखून कोड देण्याची व्यवस्था, एप्रिल २०१३ पासून लागू झाली, आणि ‘टायमिंग गेलंय’ ऐवजी स्कॅनरवर ‘पी००१६’ दिसू लागलं. त्याचा अर्थ इतकाच, की क्रँक आणि कॅम यांच्या सेन्सरचा मेळ बसत नाही. दोष ताणलेल्या चेनमध्ये असेल, एक दाता सरकला असेल, सेन्सर गेला असेल, किंवा ऑइल इतकं काळं घट्ट झालं असेल की त्याच्या दाबावर चालणारा आणि कॅमचं टायमिंग बदलणारा फेजर अडकला असेल. कोड आला म्हणून थेट चेन मागवणाऱ्याने आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल तपासायची काडी, काढून बघावी.

ऑइल आणि वायरिंग ठीक निघालं, तर कव्हर उघडायचं, पहिला सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन अगदी वर) आणायचा आणि खुणा पाहायच्या. चेन किंवा पट्टा नवा बसवला की सेल्फ मारायचा नाही. पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचं. मध्येच कुठे पाना अडला, तर जोर लावायचा नाही.