शाळूची भाकरी आणि रविवारची सुट्टी

चैत्र लागेपर्यंत माण, खटाव, जत, आटपाडीकडची सुगी उरकलेली असते. घरात नवा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, येतो आणि त्याचं पीठ मळताना हाताला फरक लगेच कळतो. नव्या पिठाला विरी असते. गोळा तडकत नाही, भाकरी कडेपर्यंत एकसारखी थापली जाते, तव्यावर पाण्याचा हात फिरवून उलटली आणि चुलीच्या आराला लावली की टम्म फुगते. जोडीला लसणाच्या फोडणीचं पिठलं, खर्डा, बुक्कीनं फोडलेला कांदा, ताक. जत्रेची पुरणपोळी झाली, दुसऱ्या दिवशीचं मटण झालं, की तिसऱ्या दिवशी सातारा-सांगलीकडच्या घरात पाहुणेच म्हणतात, "आता साधं पिठलं-भाकरी करा."

हे जेवण पूर्वापार असंच चालत आलं, असं आपण धरून चालतो. पण या ताटातला एकेक जिन्नस वेगळ्या वाटेनं आला, आणि ते निवांत खायला लागणारी सुट्टी तर सगळ्यांत उशिरा आली.

ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेतली. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि दख्खनच्या कोरडवाहू रानात रुजली. पावसाळा सरताना पेरायची आणि काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढवायची. पाण्याची हमी नसलेल्या मुलखाला याहून चांगलं पीक कुठलं? आज ज्या शाळूचं कौतुक होतं, तो बहुतेक मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला १९३० च्या दशकात निवडलेलं हे वाण. त्याच रानात हरभरा, कडेनं करडई. म्हणजे भाकरी, पिठल्याचं पीठ आणि फोडणीचं तेल एकाच शिवारात पिकायचं. पश्चिमेला जावळी-पाटणच्या डोंगरात मात्र नाचणीची भाकरी.

खर्ड्यातली मिरची आणि शेंगदाणा ही दोन्ही अमेरिका खंडातली पिकं. पोर्तुगीज भारतात आल्यानंतर मिरची इथे पोचली; त्याआधी तिखट म्हणजे मिरी. हळदीची पेठ सांगलीची. हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद वर्षानुवर्षं साठवत, २००५ च्या महापुरानं त्यांची फार नासाडी केली.

१९७२ चा दुष्काळ या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या जिभेवर अजून आहे. शाळू बुडाला, रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळू लागली. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बाया रात्री तिच्या भाकरी थापायच्या. ज्यांनी ती खाल्ली, ते आजही पांढऱ्याशुभ्र भाकरीचा तुकडा टाकू देत नाहीत. पुढे कृष्णाकाठी ऊस वाढला, रेशनचा आणि बाजारचा गहू घरोघरी आला आणि एके काळी सणावाराची, पाहुण्याची चपाती रोजची झाली. आज भाव विचारलात तर शाळू गव्हाच्या वर जातो. गरिबाची म्हणून हिणवलेल्या भाकरीला हा मान मिळालेला पाहून मला मनापासून बरं वाटतं.

आता सुट्टीकडे वळू. शेतकऱ्याच्या आठवड्याला आठवडी बाजाराचा दिवस होता, हक्काची सुट्टी नव्हती. ती मिळवली मुंबईच्या गिरणी कामगारांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांना संघटित केलं आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. (खुद्द फुल्यांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं.) त्या गिरण्यांमध्ये साताऱ्याकडची माणसं मोठ्या संख्येनं होती. रविवार खंडोबाचा वार; पालीच्या खंडोबाला मानणाऱ्या कराडकडच्या कामगाराला तो निराळा पटवून द्यावा लागला नसेल. सहा दिवस खाणावळीत जेवणारी ही माणसं चैत्रातल्या जत्रेला गावी यायची, तेव्हा त्यांना आईच्या हातचं पिठलंच हवं असायचं. शनिवारची भर तर अगदी अलीकडची: राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून मिळाला.

या सगळ्या सुट्ट्यांत भाकरी थापणारीला मात्र कुणी मोजलं नाही. पहाटेचं जातं तिच्या हातून सुटलं ते गावात पिठाची गिरणी आल्यावर. तिच्या आयुष्यातला हा बदल मला रविवारच्या सुट्टीइतकाच मोठा वाटतो. चूल, परात आणि चटके पुढेही तिच्याकडेच राहिले. घरी दहा माणसं उतरली की पंचवीस-तीस भाकरी होतात, आणि गरम भाकरी सगळ्यांना हवी असते, म्हणून ती शेवटी बसते.

अलीकडे सातारा-सांगली शहरांत भाकरी करून देणाऱ्या बायकांकडून नगावर भाकरी आणायची पद्धत रुळली आहे. काही ज्येष्ठांना ते खटकतं. मला ते रास्त वाटतं: करणारीला कष्टाचे पैसे मिळतात, आणि घरातली बाई पिठलं वैरून झालं की सगळ्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसते.