समुद्रातला साउंड आणि डेन्मार्कचा टोलनाका

नकाशावर लाँग आयलंड साउंड, प्युजेट साउंड असली समुद्राच्या भागांची नावं दिसली की आपल्या डोक्यात आधी गणपतीतला डीजे येतो, पण या साउंडचा आवाजाशी काडीचाही संबंध नाही. आवाजवाला शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि हा समुद्रवाला जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातल्या) भाषेतल्या 'सुंद'शी नातं सांगतो, ज्याचा अर्थ पोहणं असाही होता आणि सामुद्रधुनी असाही.

त्यातला सगळ्यात नामांकित म्हणजे डेन्मार्क आणि स्वीडनमधला ओरेसुंद. बाल्टिक समुद्रात जायची मुख्य वाट हीच, आणि डेन्मार्कच्या हेल्सिंगोर गावापाशी ती जेमतेम ४ किमी रुंद. १४२९ च्या सुमारास डेन्मार्कचा राजा एरिक याने तिथे चक्क टोल बसवला. तेव्हा दोन्ही किनारे डेन्मार्कचेच, त्यामुळे न थांबता सटकायला बघितलं तर तोफा होत्याच. पुढे मालाच्या किमतीवर टक्केवारी घ्यायला लागले, आणि इथे मला त्यांचं डोकं खरंच आवडतं: किंमत कप्तानानेच सांगायची, पण राजाला वाटलं तर तो सगळा माल त्याच किमतीत विकत घेऊ शकायचा, मग कमी सांगून टोल वाचवायची हिंमत कोण करणार! १६५८ मध्ये पलीकडचा किनारा स्वीडनकडे गेला तरी वसुली चालूच राहिली. शेवटी अमेरिकेने आम्ही देणार नाही म्हणून हटून बसायला सुरुवात केली आणि १८५७ च्या करारात बाकीच्या देशांनी एकरकमी भरपाई देऊन हा प्रकार बंद केला. गंमत म्हणजे नाक्यावरच्या वह्या अजून शाबूत आहेत, त्यात १४९७ पासूनच्या सुमारे १८ लाख फेऱ्यांची नोंद आहे, आणि बाल्टिकच्या व्यापाराचा इतिहास लिहिणाऱ्यांना तर घबाडच सापडलंय.

नंतर इंग्रज दर्यावर्दी जगभर फिरले आणि जिथे पाणी जमिनीत घुसलेलं दिसेल तिथे साउंड चिकटवत सुटले. १७९२ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरने आपला लेफ्टनंट पीटर प्युजेट याचं नाव दिलं तो प्युजेट साउंड. नॉर्थ कॅरोलायनाचा पॅम्लिको साउंड तर वाळूच्या बेटांमागचं उथळ खाजण आहे, १५२४ मध्ये व्हेराझानो या इटालियन खलाशाला पलीकडे पॅसिफिकच दिसतोय असं वाटलं होतं. न्यूझीलंडचा क्वीन शार्लट साउंड म्हणजे समुद्रात बुडालेली नदीची दरी, आपल्या दाभोळच्या खाडीच्या जातीतली, आपण त्याला बिनधास्त खाडीच म्हटलं असतं. आणि न्यूझीलंडचाच मिलफर्ड साउंड, ज्याचे फोटो सगळीकडे फिरतात, तो खरंतर फ्योर्ड आहे, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत शिरलेला समुद्र. तिथले मूळचे माओरी लोक त्याला पिओपिओताही म्हणायचे, १९९८ पासून सरकारी नावात तेही जोडलंय, साउंड मात्र काढला नाही.