गृहिणीचं सोंग आणि भाड्याची खोली

नवी मुंबईच्या कोपरखैरण्यात कुणाचं डोहाळजेवण असलं की सोसायटीच्या हॉलमध्ये 'कुणीतरी येणार येणार गं' हमखास लागतं. फुलांचे दागिने घातलेली मुलगी लाजते, मावश्या ठेका धरतात. पडद्यावर हे डोहाळजेवण मुळात साडी नेसलेल्या पुरुषाचं होतं, हे सगळ्यांना पाठ असतं आणि तरी कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

हे गाणं ज्यातलं, तो 'अशी ही बनवाबनवी' चित्रपट २३ सप्टेंबर १९८८ला आला. दिग्दर्शन सचिन पिळगावकरांचं, लेखणी वसंत सबनीसांची, मूळ धागा हृषिकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'चा. घरमालकीण लीलाबाई काळभोर यांना भाडेकरू हवेत ते संसारी. म्हणून खोली शोधणाऱ्या चार मित्रांतल्या सुधीरची सुधा होते आणि परशाची पार्वती. बायको म्हणजे इथे भाडेकराराला जोडायचा कागद! धनंजय मानेच्या तोंडचं 'हा माझा बायको' आजही हशा घेतं, पण ज्या दोन संसारांवर गोष्ट उभी आहे त्यांतल्या दोन्ही गृहिणी पुरुष आहेत, याकडे त्या हशात लक्ष जात नाही.

याचं मूळ बरंच मागे जातं. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना तारामती मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७च्या 'लंका दहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच. रंगभूमीवर बालगंधर्वांची साडी, त्यांचे दागिने पाहून घरंदाज बायका तशी नेसण करत. तेव्हा साडीतला पुरुष हा विनोद नव्हता, तो आदर्श होता. १९३३ला 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या. हळूहळू ही प्रथा रुळली आणि साडीतला पुरुष गंभीर नाटकातून उठून विनोदात येऊन बसला. पार्वती त्याच घराण्यातली.

खऱ्या बायका चित्रपटात आहेत, आणि माझ्या मते त्या बऱ्याच धड आहेत. लीलाबाई स्वतःच्या घराच्या मालकीण, माधुरी धनंजयची साहेबीण. १९८८ च्या मानाने हे कमी नाही. विविधता मात्र तेवढ्यावर थांबते. काळभोर, सरपोतदार, माने: आडनावं पुण्याच्या आसपासची, जग पांढरपेशा वस्तीचं. पुण्याच्या गोष्टीत ठाणे-रायगड किनाऱ्यावरच्या आगरी समाजातली बाई का नाही, असं विचारणं आगाऊपणाचं होईल. पण लीलाबाईंची खरी बहीण मला दिसते ती इथे, घणसोली-कोपरखैरण्याच्या गावठाणात.

नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं १९७० साली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. भातशेती गेली, मिठागरं गेली, राहिलं ते गावठाणातलं घर. त्यावर मजले चढले, खोल्या भाड्याने गेल्या. टॉवरमध्ये 'फक्त फॅमिली' म्हणून परत पाठवलेली एकटी पोरं इथेच येतात. डिपॉझिट किती, पाणी किती वाजता, रात्री दार कधी बंद, हे पुष्कळदा घरची आजीच सांगते. तिला बायकोचा कागद लागत नाही. भाडं वेळेवर लागतं.

या आजीवर विनोदी चित्रपट निघायला काहीच हरकत नव्हती. नाटक-सिनेमात आगरी-कोळी बाई बहुतेक वेळा आली ती मोठ्याने भांडणारी, टोपलीवाली, एका प्रवेशापुरती. तिच्या बोलीवर हसायचं आणि पुढच्या प्रवेशाला जायचं.

तिच्याकडे स्वतःचं सादरीकरण नव्हतं असंही नाही. आगरी लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नगीतं, म्हणत विधी करते, पुरोहितासारखी. काही घरांत ती अजून येते. डोहाळजेवणाला मात्र त्याच अंगणात, त्याच स्पीकरवर, पार्वतीचं गाणं लागतं.